डेटा मिळाला नाही, तरी हार्ड डिस्क दुकानदाराच्या ताब्यात

आपले पत्र, पावती आणि व्हॉट्सॲपवरील संदेश वाचले. आपल्या दिवंगत यजमानांची छायाचित्रे असलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क खटखट आवाज करून बंद पडली, म्हणून आपण ती इंदूरच्या जेल रोडवरील एका दुकानात दिली. ‘डाटा नहीं तो पैसा नहीं’ असे दुकानदाराने संदेशात लिहिले होते. आता डिस्क उघडून हेड (तबकड्यांवरील डेटा वाचणारा भाग) बदलले, तरी काही निघाले नाही, असे सांगून तो सुट्या भागांचे १४,५०० रुपये मागतो आहे आणि ते मिळेपर्यंत डिस्क देणार नाही म्हणतो.

दुरुस्तीसाठी घेतलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलेल्या कारागिराला मेहनताना मिळेपर्यंत ती वस्तू रोखून धरण्याचा हक्क भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० ने दिलेला आहे, आणि दुकानदार बहुधा त्याच्याच आधारावर बोलतो आहे. परंतु विरुद्ध करार नसेल तरच हा हक्क लागू होतो, आणि तोही देय असलेल्या मेहनतान्यापुरताच. डेटा न निघाल्यास पैसे नाहीत असे त्यानेच लिहून दिले असेल, तर देय रक्कमच उरत नाही. सुट्या भागांचा वेगळा खर्च आपण आधी मान्य केल्याचा एकही संदेश त्यात नाही ना, हे मात्र पुन्हा बारकाईने पाहावे, कारण सगळे त्यावरच ठरेल.

डिस्क परत मागताना केवळ ‘डिस्क द्या’ असे लिहू नये. मूळ सर्किट बोर्डावरील चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची जुळवणी साठवलेली असते आणि काही मॉडेलांत यूएसबी जोडणीच्या बोर्डाकडूनच डेटा सांकेतिक केला जातो, त्यामुळे बोर्ड बदलला गेला तर पुढच्या प्रयोगशाळेचे काम फार कठीण होते. म्हणून मूळ बोर्ड, काढलेले हेड, झाकण आणि बाहेरचे कव्हर या सर्वांची नोंद करून, लेबलवरील अनुक्रमांक पावतीशी ताडून, दुकानदाराच्या सहीने ताबा घ्यावा. घरच्या संगणकाला ती जोडून पाहण्याचा मोह टाळावा. तबकड्यांवर ओरखडे असतील तर प्रत्येक वेळी वीज दिल्याने ते वाढतात, आणि पुरावाही नष्ट होतो.

नुकसानभरपाईबाबत स्पष्ट सांगतो. करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे सोपवलेल्या वस्तूची योग्य काळजी घेणे दुकानदाराचे कर्तव्य आहे आणि पावतीवरील ‘डेटाची जबाबदारी नाही’ या छापील ओळीने ते आपोआप संपत नाही. तथापि डिस्क आपण बिघडलेल्या अवस्थेतच दिली होती, त्यामुळे डेटा त्याच्या हलगर्जीपणामुळेच गेला हे दाखवण्यासाठी दुसऱ्या प्रयोगशाळेचा लेखी अहवाल लागेल. तो नसताना लाखांचा दावा करण्याच्या मी विरुद्ध आहे. अशा दाव्याने मूळ मागणी कमकुवत दिसते.

प्रथम स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. तरीही उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. सेवेचा मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क लागत नाही आणि कलम ६९ नुसार मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली, डिस्क आणखी न उघडता परत करावी, असा अंतरिम आदेश मागावा. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून देण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चे, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागू शकते, म्हणून तो फोन विकू नये, संदेश पुसू नयेत.

पोलिसांकडे विश्वासघाताची तक्रार करण्याचा आपला विचार मला घाईचा वाटतो. अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो, आणि दुकानदार डिस्क स्वतःकडे आहे हे नाकारत नाही, केवळ पैसे मागतो. ठाण्यातून ‘दिवाणी बाब आहे’ असेच उत्तर मिळेल. डिस्क दुकानात आलीच नव्हती असे तो म्हणू लागला, किंवा खासगी छायाचित्रे बाहेर गेल्याचे आढळले, तर गोष्ट वेगळी. त्या परिस्थितीत माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ७२-अ (करार मोडून वैयक्तिक माहिती उघड करण्याबद्दलचे) देखील तपासता येईल.