पायाची नाडी की पायाची नस?

इंदूरच्या एका ताईंच्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. परवा त्यांचे पाय तपासून डॉक्टर म्हणाले, "दोनों पैरों की नब्ज़ अच्छी मिल रही है." ताईंनी घरी येऊन आईला सांगितलं, "बाबांच्या पायाची नाडी चांगली मिळतेय." आई म्हणाली, "नाडी हाताची असते गं, पायाला नस असते." ताईंचा प्रश्न असा की यात बरोबर कोण, आणि शीर, धमनी हे शब्द मग कुठे बसवायचे?

'नाडी' बरोबर. 'मिळतेय'कडे शेवटी येतो.

आईंच्या मनात नाडी म्हणजे मनगट हे बसलंय, त्याला आपली वैद्यकीची परंपरा कारण आहे. वैद्य मनगट धरतो. शार्ङ्गधरसंहितेत अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या धमनीला 'जीवसाक्षिणी' म्हटलंय, जिवाची साक्ष देणारी. इतका सुंदर शब्द मिळाल्यावर नाडी मनगटालाच चिकटली तर नवल नाही. पण संस्कृतात नाडी म्हणजे मुळात पोकळ नळी, बोरूच्या काडीसारखी. मराठीत 'नाडी मंद चाललीय' म्हणतो तेव्हा तर आपण नळीबद्दल बोलतही नसतो, तिच्या ठोक्याबद्दल बोलतो. तेव्हा ठोका जिथे बोटाला लागेल तिथे नाडी. पायात अशा चार जागा डॉक्टर चाचपतात: जांघेत, गुडघ्याच्या मागे, आतल्या घोट्याच्या मागे आणि पावलाच्या पाठीवर.

हे सगळे शब्द एकाच पावलावर भेटतात, करून बघा. पायाचा अंगठा वर उचला. पावलावर अंगठ्याच्या रेषेत दोरीसारखं काही ताठ होतं. आपल्या घरात त्याला शीर म्हणतात, कुणी नस म्हणतं. खरी ती कंडरा, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तिच्या लगत, करंगळीच्या बाजूला, दोन बोटं अगदी हलकी टेकवा. अंगठ्याने तपासू नका, त्याचा स्वतःचाच ठोका लागून फसायला होतं. जोरात दाबलंत तरी ठोका हरवतो. जे उडतंय ते नाडी, आणि ज्या वाहिनीतून उडतंय ती धमनी. आसपास त्वचेखाली निळसर रेषा दिसतात, त्या उडत नाहीत. त्या शास्त्राच्या अर्थाने शिरा. जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात धमनीला रोहिणी आणि शिरेला नीला म्हणत. मला ती जोडी फार आवडते, पण आता ती फारशी ऐकू येत नाही.

चरकसंहितेत या शब्दांची फोड आहे: 'ध्मानाद् धमन्यः, स्रवणात् स्रोतांसि, सरणात् सिराः'. ध्मा म्हणजे फुंकणे. लोहाराचा भाता फुगतो तशी फुगते ती धमनी, आणि जिच्यातून काही सरत जातं ती सिरा. 'सरणे' हे आपलं रोजचं क्रियापदही त्याच धातूचं. आजची हृदयाकडे नेणारी आणि हृदयाकडून आणणारी अशी विभागणी तेव्हाची नव्हे, सुश्रुतात तर सिरा ७०० आणि धमन्या २४ सांगितल्यात. तरी बोटाखाली उडणं आणि नुसतं वाहणं यातला फरक शब्दांनी किती नेमका पकडलाय!

आता 'नस'. हा शब्द संस्कृत 'स्नसा'शी जोडतात, आणि त्याचा अर्थ स्नायुबंध. म्हणजे नस मुळात दोरी, वाहिनी नव्हे. टाचेवरच्या जाड दोरीला जुनी माणसं घोडशीर म्हणतात, तिथे शीरही दोरीच आहे. (पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही. तेव्हा डॉक्टर बोटं नेतात ती याच घोडशिरेच्या आणि आतल्या घोट्याच्या मधल्या खळगीत.) पुढे बोलीत नस म्हणजे दोरी, रक्तवाहिनी, मज्जातंतू, सगळंच झालं. आपल्या इंदुरी मराठीत तर हिंदीमुळे ती आणखी पसरली. महाराष्ट्रात पायात गोळा येतो, पेटका येतो. आपल्याकडे 'नस चढते'. 'स्नायू'चंही असंच: मराठीत तो मांसपेशी, पण हिंदीत 'स्नायु तंत्र' म्हणजे मज्जासंस्था.

म्हणून आईंना माझी मनापासून विनंती आहे, डॉक्टरांसमोर 'यांच्या पायाची नस दुखते' एवढ्यावर थांबू नका. रात्री झोपेत पोटरी अचानक आवळते तो पेटका. कमरेपासून खाली कळ जाते, मुंग्या येतात, तिथे बहुधा मज्जातंतू दबलेला असतो. आणि इंदूरच्या राजवाड्याहून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत (म्हणजे होळकरांच्या स्मारकांपर्यंत) चालताना रोज साधारण तेवढ्याच अंतरावर पोटऱ्या भरून येत असतील, उभं राहिलं की काही मिनिटांत उतरत असतील, तर धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी लागते. वैद्यकात याला क्लॉडिकेशन म्हणतात, लॅटिनमधल्या लंगडण्याच्या क्रियापदावरून. आपल्याकडे 'पोटऱ्या भरून येणे' हा त्याहून बोलका शब्दप्रयोग आहे, तोच वापरा. या तिन्हींना नस म्हटलं तर डॉक्टरांना पहिल्यापासून विचारत बसावं लागतं.

राहिलं 'मिळतेय'. हिंदीत नब्ज़ मिळते. मराठीत नाडी 'लागते', किंवा फार तर 'सापडते'. तेव्हा ताई, आईला सांगा: बाबांच्या दोन्ही पायांची नाडी चांगली लागतेय.