‘डीप लिसनिंग’ म्हणजे नुसतं लक्ष देऊन ऐकणंच ना? घरी सराव कसा करायचा?

नाही, फरक आहे: लक्ष देऊन ऐकताना आपण एक आवाज निवडतो आणि बाकीचे गाळतो, डीप लिसनिंगमध्ये तो आवाज धरून ठेवत भोवतीचे सगळे आवाजही आत येऊ द्यायचे. ही संज्ञा अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस (१९३२–२०१६) यांची. १९८८ साली त्यांनी दोन साथीदारांसह वॉशिंग्टन राज्यात जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत ध्वनिमुद्रण केलं. तिथे सूर विरायला सुमारे ४५ सेकंद लागत, म्हणजे वाजवण्यापेक्षा ऐकण्याचंच काम जास्त. (टाकी खोल, म्हणून ‘डीप’. मुळात ती शाब्दिक कोटीच होती!) कानावर पडणं आपोआप होतं, ऐकणं ठरवून करावं लागतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा.

सरावासाठी दहा मिनिटं डोळे मिटून बसा. आधी सगळ्यात लांबचा आवाज शोधा, मग सगळ्यात जवळचा, मग दोन्ही एकदम. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर वैतागू नका, तीही ऐका. घरात तानपुरा असेल तर उत्तमच: खर्जाच्या (सगळ्यात खालच्या ‘सा’च्या) तारेतून न छेडलेला गंधार (‘ग’) ऐकू येतो का बघा. पहिल्याच दिवशी बहुधा येणार नाही.

मात्र समुपदेशनातलं ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ वेगळं. ते मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतलं; त्यात समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगून खात्री करून घेतात. घरातल्या वादांसाठी विचारत असाल, तर तुम्हाला ते हवंय, हे नाही.