फॉरमॅट मारायची घाई नको
अरे, नवीन सॉफ्टवेअर टाकल्यापासून कॉम्प्युटर सुरूच होत नाही म्हणतोस, पण लगेच तो उचलून विश्रामबागच्या रिपेअरच्या दुकानात नेऊ नकोस. माझा नेला होता, 'फॉरमॅट मारलाय', म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलंय, म्हणून परत आला. पोरीच्या बारशाचे फोटो गेले ते गेलेच.

विंडोज १० किंवा ११ असेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून धर, बंद कर. दोन-तीनदा असं केलंस की रिकव्हरीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग सिस्टिम रिस्टोअर, म्हणजे विंडोज जुन्या तारखेच्या स्थितीत परत नेणं. सॉफ्टवेअर टाकायच्या आधीची तारीख निवड. फाइलींना धक्का लागत नाही. त्यानंतरचे प्रोग्रॅम, ड्रायव्हर तेवढे जातात. रिस्टोअर पॉइंटच, म्हणजे परत जायला अशी जपलेली तारीखच नसेल, तर त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या स्टार्टअप सेटिंग्जमध्ये रिस्टार्ट करून ४ दाब, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर विंडोज सुरू होईल, तिथं ते सॉफ्टवेअर काढून टाक. बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीनं, ४८ अंकी की (रिकव्हरी की) मागितली तर आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात बघ, बहुतेक तिथंच असते.

आणि हे लाईट जायच्या वेळेला करू नकोस, बाबा.