नोकरी नंतर, आधी नोंदणी

भारतात एम.फिल. करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालात आणि ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे, तर ते जमण्यासारखं आहे, पण नाशिकमध्ये बसून ब्रिटनमधल्या जागांना धडाधड अर्ज टाकू नका. नवखे इथेच चुकतात. आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) परवाना तिथे चालत नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला एचसीपीसी या तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या नियामक संस्थेची नोंदणी कायद्यानेच लागते.

त्यासाठी एम.फिल.चा पूर्ण अभ्यासक्रम आणि देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास, कुठल्या विभागात, कुठल्या वयोगटासोबत, हे सगळं संस्थेकडून सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. नुसत्या गुणपत्रिकेवर भागत नाही. कागद मिळायला वेळ लागतो, तेव्हा मागणीचं पत्र आजच द्या.

मग:
- एनएचएस जॉब्स या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीत स्पॉन्सरशिपचा, म्हणजे नोकरी देणारा व्हिसासाठी पुरस्कृत करेल याचा, उल्लेख शोधा.
- खासगी संस्था असेल तर ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या यादीत तिचं नाव तपासा.
- स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटसाठी एजंट पैसे मागू लागला, की तिथेच थांबा.

व्हिसाचे फॉर्म ऑफर हातात आल्यावर बघू.