मनोऱ्यातलं जुनं चावीचं घड्याळ काढून विजेवरचं बसवावं का?

तुमच्या गावच्या दगडी मनोऱ्यातलं घड्याळ वीस वर्षं बंद आहे आणि कमिटी म्हणतेय, जुनं यंत्र भंगारात देऊ. कृपा करून देऊ नका. आणि त्याला हात लावायच्या आधी वरचं छप्पर बघा.

मी जुनी चावीची घड्याळं दुरुस्त करतो. मनोऱ्यातलं यंत्र उघडलं की झिजलेले दाते क्वचितच दिसतात, चाकं फार दणकट असतात. सापडते ती कबुतरांची घाण, गळक्या पाण्याने धरलेला गंज आणि कुणी तरी चांगल्या मनाने ओतलेल्या तेलाचा धुळीत मिसळून झालेला काळा चिकट लगदा. एका मनोऱ्यात दोन दिवस नुसती साफसफाई केली, तर लंबक स्वतःहून टक-टक करू लागला. चौकटीच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिराने टोच्याने तारीख कोरून ठेवली होती. भंगारात दिलं असतं तर तीही गेली असती.

मुंबईचा राजाबाई टॉवर घ्या. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावासाठी पैसा दिला, 1878 साली तो पुरा झाला, उंची 280 फूट. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा दगडापासून रंगीत काचांपर्यंत सगळ्या इमारतीवर काम झालं. तुमचंही काम तिथूनच सुरू व्हायला हवं. दगडांच्या सांध्यांत सिमेंट मात्र भरू देऊ नका. जुन्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

घड्याळ चालू झाल्यावर वेळ जुळवायला धीर लागेल. साधारण एक मीटरचा लंबक असेल तर लांबीत एक मिलिमीटरचा फरक पडला की दिवसाला त्रेचाळीस सेकंद इकडेतिकडे होतात. म्हणून खालचा नट एका वेळी अगदी किंचित फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचं.

खिडक्यांना जाळी बसवा, आणि दर आठवड्याला जिने चढून चावी कोण देणार ते आत्ताच ठरवा. या एका गोष्टीवाचून दुरुस्त केलेली घड्याळं पुन्हा बंद पडलेली मी पाहिली आहेत.

यंत्राच्या चौकटीवर बनवणाऱ्याचं नाव असतं. त्याचा आणि लंबकाचा फोटो टाका, मग पुढचं सांगतो.