सकाळी गाडी सुरू केल्यावर इंजिन किती वेळ तापवावे?

आपण प्रश्नात दोन गाड्यांचा उल्लेख केला आहे: नुकतीच घेतलेली बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम पाळणारी) पेट्रोल कार आणि वडिलांची जुनी आरएक्स-१०० मोटरसायकल. कोल्हापुरात राजारामपुरीतील आपल्या इमारतीच्या तळघरात वडील रोज सकाळी दोन्ही गाड्या दहा-दहा मिनिटे जागेवर चालू ठेवतात, मधूनमधून रेस देतात, आणि याची खरोखर गरज आहे का, असे आपण विचारले आहे. कारला तशी गरज नाही. तिला अर्धा मिनिट पुरे होते, आणि पुढचे पाच-सहा किलोमीटर ती हलक्या पायाने चालवली की इंजिन योग्य तऱ्हेने तापते. आरएक्स-१००चे उत्तर थोडे वेगळे आहे, ते पुढे देतो. माझे काम उद्यमनगरात सिलिंडरच्या बोअरिंग-होनिंगचे, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून-घासून पुन्हा नीट करण्याचे, असल्यामुळे इंजिन आतून कुठे झिजते हे रोज डोळ्यांसमोर असते, म्हणून कारणांसह लिहितो.

वडिलांची सवय त्यांच्या काळातील गाड्यांना धरूनच आहे. त्या गाड्यांत हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर करतो, आणि त्याला इंजिन थंड आहे की गरम हे कळत नाही. आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या जोरावर तो पेट्रोल सोडतो, आणि थंड इंजिनात त्या पेट्रोलची पुरेशी वाफ न होता त्याचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. म्हणून चोक ओढून हवा कमी करायची, आणि तरीही ॲक्सिलेटर वाढवला की गाडी गचके देऊन बंद पडायची. अशी गाडी सकाळी तशीच रस्त्यावर काढली तर चौकात मधोमध अडकण्याची भीती असे. इंजेक्शन असलेल्या, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणाऱ्या, इंजिनात तापमान मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याच्या माहितीवरून गाडीचा संगणक किती पेट्रोल सोडायचे हे दर क्षणी ठरवतो. कारमध्ये ही पद्धत बीएस-६च्या बऱ्याच आधी आली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर जवळजवळ सर्व नव्या दुचाकींमध्येही आली. सकाळी कार सुरू केल्याबरोबर आर.पी.एम.चा काटा बाराशे-पंधराशेवर जातो आणि मग हळूहळू खाली येतो, ते या संगणकाचेच काम आहे. तो पहिला जोर ओसरू लागला की निघायला हरकत नाही. काटा पूर्ण खाली बसेपर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही.

दुसरी समजूत ऑईलची. रात्रभर ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते आणि ते वर चढायला काही मिनिटे लागतात, असे पुष्कळ जण मानतात. ऑईल खाली उतरते हे खरे आहे, पण पंप ते काही सेकंदांतच बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा विझतो तो दाब तयार झाल्यामुळेच. येथे हवामानाचाही विचार करावा लागतो. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा साधारण चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरतो, आणि एवढ्या थंडीत आजचे ऑईल सहज वाहते. पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला लाहौल-स्पितीसारख्या, पारा शून्याच्या बराच खाली जाणाऱ्या प्रदेशात समजण्यासारखा आहे. आपल्याकडे खरी काळजी ऑईलच्या निवडीची घ्यायला हवी. ५डब्ल्यू-३० अशा ऑईलच्या ग्रेडमधील पहिला आकडा ऑईल थंड असताना किती सहज वाहते हे दाखवतो. तो जितका लहान, तितके ते सकाळी लवकर पोहोचते. नव्या लहान इंजिनांना पातळ ऑईल सांगितलेले असताना “जाड ऑईल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण” या समजुतीने २०डब्ल्यू-५० भरून आणलेल्या गाड्या मी पाहतो. असे ऑईल थंडीतल्या काकवीसारखे संथ सरकते आणि नेमक्या सुरुवातीच्या क्षणांत भाग कोरडे राहतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेड वापरणे हे रोजच्या दहा मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

जागेवर उभी ठेवल्याने पेट्रोल वाया जाते एवढाच तोटा असता तर मी वडिलांना आग्रह करू नये असे म्हटले असते, कारण लहान कार तशी तासाला अर्धा ते पाऊण लिटरच पेट्रोल घेते. पण याच कारणामुळे ती तापतही नाही. उष्णता जळणातून येते, आणि उभ्या गाडीत जळण इतके कमी जळते की इंजिन उगाच बराच वेळ थंड अवस्थेत राहते. त्या अवस्थेत संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडत असतो. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा पातळ थर धुऊन काढते आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली ऑईलमध्ये मिसळते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन गरम असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात त्यातले काही थेंब होऊन आतच साठते आणि जळणातील वायूंशी मिळून आम्ल बनते.

याचा परिणाम बोअरिंगला आलेल्या ब्लॉकवर दिसतो. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाला, जिथे पिस्टनची पहिली रिंग क्षणभर थांबून दिशा बदलते. तेथे बोट फिरवले तरी कड हाताला लागते. रिंग थांबते तेव्हा ऑईलचा थर सर्वांत पातळ असतो, स्फोटाचा दाबही तेथेच सर्वांत जास्त असतो, आणि थंड इंजिनातले पेट्रोल व आम्ल त्यात भर घालतात. म्हणून इंजिनाला लवकरात लवकर थंड अवस्थेतून बाहेर काढणे हे आपले उद्दिष्ट असायला हवे, आणि ते हलका भार देऊनच साधते. गाडी चालू लागली की गिअरबॉक्सचे ऑईल, चाकांची बेअरिंगे आणि टायरही तापू लागतात. उभ्या गाडीत यांपैकी जवळजवळ काहीच तापत नाही.

रेस देण्याची सवय मात्र वडिलांना प्रेमाने पण स्पष्टपणे सोडायला सांगा. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापल्यावर सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो, म्हणून थंड असताना दोघांमध्ये मुद्दाम जास्त फट ठेवलेली असते. त्या वेळी रेस दिली की पिस्टन भिंतीवर आपटतो. काही गाड्यांत सकाळी ऐकू येणारी टकटक त्याचीच असते.

निघाल्यावर पहिली काही मिनिटे आर.पी.एम. दोन ते अडीच हजारांच्या आत ठेवावे, ॲक्सिलेटर पूर्ण दाबू नये, आणि त्याच वेळी वरच्या गिअरमध्ये गाडी अगदी कमी वेगाने रेटूही नये, कारण तोही इंजिनावर मोठाच भार असतो. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) निळा दिवा विझला तरी ऑईल त्यामागून बऱ्याच वेळाने पूर्ण तापते, म्हणून आणखी थोडा संयम ठेवावा. राजारामपुरीतून निघणाऱ्याला शहरातली गर्दीच हे करायला लावते. अडचण उचगाव किंवा शिरोलीला महामार्गालगत राहणाऱ्यांची असते, कारण ते दोन मिनिटांत ऐंशीच्या वेगाला पोहोचतात. त्यांनी थोडे अंतर सेवा रस्त्याने जावे. पन्हाळ्यावर मुक्काम करून सकाळी खाली उतरताना इंजिनावर भार नसतो, ते उशिरा तापते, आणि खालच्या गिअरमुळे आर.पी.एम. मात्र चढते, तेव्हा वेग कमी ठेवून उतरावे.

आपण विचारले नाही, तरी याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. कोल्हापुरात आपली बहुतेक ये-जा दोन-तीन किलोमीटरची असते. घरापासून महाद्वार रोड, तेथून रंकाळा, आणि परत घरी. अशा प्रत्येक फेरीत इंजिन तापायच्या आतच बंद होते, आणि ऑईलमध्ये गेलेले पेट्रोल व पाणी तेथेच साठत राहते. आठवड्यातून एकदा कागलपर्यंत किंवा पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत अर्धा तास सलग गाडी चालवली तर ते उडून जाते. जे असे करू शकत नाहीत त्यांनी ऑईल किलोमीटरवर न मोजता मुदतीनुसार बदलावे.

डिझेल गाडीत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून सेल्फ मारावा. बाकी नियम तेच. फक्त उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला अपवाद मानतो, कारण फडातून निघतानाच त्याच्यावर पूर्ण भार येतो आणि हलके चालवण्याची सोयच नसते. त्याला दोन-तीन मिनिटे मध्यम रेसवर ठेवणे योग्य आहे.

आता आरएक्स-१००. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात विकली गेली. टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी आणि कार्ब्युरेटरची. तिच्यात पिस्टन आधी तापून फुगतो आणि बाहेरचा बिडाचा बोअर अजून थंड असतो. अशा वेळी पूर्ण ॲक्सिलेटर दिला तर पिस्टन जाम होऊन चाकच अडकू शकते. म्हणून चोक ओढून किक मारावी, मिनिट-दोन मिनिटांत चोक बंद करूनही गाडी टिकू लागली की निघावे, आणि पहिले दोन किलोमीटर पाव ॲक्सिलेटरवर काढावेत. दहा मिनिटे जागेवर ठेवल्याने तिचा प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साचते, एवढेच.

शेवटी जागेविषयी, आणि हे आजपासूनच करा. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त असतो, कारण कारचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय नीट काम करत नाही, आणि आरएक्स-१००ला तर तो नाहीच. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखू लागणे, मळमळणे हीच त्याची पहिली खूण असते, आणि बंद तळघरात तो जीवघेणा ठरू शकतो. कार सुरू होताच ती हळूच रॅम्पवरून वर काढावी, अर्धा मिनिट थांबायचे ते वर आल्यावर. आरएक्स-१०० हलकी आहे. वडिलांना जड वाटत असेल तर आपण ती ढकलत वर रस्त्यावर न्यावी आणि किक तेथेच मारावी.