मागचं उजवं चाक जपून ठेवा

एका वाचकाचं पत्र (थोडक्यात): मी इंदूरला सुदामा नगरात राहतो. हौसेने जुनी जर्मन थ्री-पीस (तीन भाग बोल्टांनी जोडलेली) चाकं घेतली, कंपनीच्या चाकांपेक्षा एक इंच मोठी. इथल्या एका गॅरेजने चारही खोलून, पॉलिश करून, नव्या बोल्टांनी आणि नव्या सिलिकॉनने जोडून दिली. सकाळी दिली, संध्याकाळी टायर चढवून परत मिळाली. २८,००० रुपये घेतले. चौथ्या दिवसापासून मागच्या दोन चाकांची हवा उतरू लागली. दोन दिवसांत दाब ३३ पीएसआयवरून २२ वर. गॅरेजवाल्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘थंडीत होतं असं, भरत राहा.’ तीन आठवडे भरत राहिलो. मग ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरूघाटात मागचं डावं चाक बसलं, टायर फाटला आणि गाडी त्या बाजूने कठड्याला घासली. सोबत आई आणि मुलगी होती. कुणाला लागलं नाही. आता गॅरेजवाले जॉब कार्डावरची ओळ दाखवतात: ‘जुन्या रिमची गॅरंटी नाही.’ विमा कंपनीने गाडीत फेरफार केल्याचं कारण देऊन दावा नाकारला. पोलिसात फसवणुकीची तक्रार देऊ का? आणि देवास नाक्यावरचा एक मिस्त्री दोन हजारांत चाक खोलून पक्कं सील करून देतो म्हणतो. करून घेऊ का?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात उशीर चालणार नाही. नका करून घेऊ. त्या मिस्त्रीचं काम कदाचित उत्तम असेल, पण सांधा साफ करताना तो जे खरवडून टाकेल तोच तुमचा पुरावा आहे.

का ते नीट समजून घ्या, कारण पुढे ग्राहक आयोगासमोर तुम्हालाच हे सांगावं लागणार आहे. ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवायचं काम टायर आणि रिम मिळून करतात. साधी रिम एकसंध असते. तुमच्या चाकात मात्र मधली तबकडी, बाहेरचं कडं आणि आतलं कडं असे तीन भाग बोल्टांच्या वर्तुळाने आवळलेले आहेत. धातूला धातू कितीही घट्ट बसला तरी हवा तिथून वाट काढते, म्हणून टायरच्या बाजूने त्या सांध्यात सिलिकॉनची सलग रेघ भरतात. ती धरायची तर जुनं सिलिकॉन पूर्ण निघालं पाहिजे, कारण वाळलेल्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. पॉलिशचा आणि ग्रीसचा अंश पुसला गेला पाहिजे, बोल्ट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) समोरासमोरच्या क्रमाने सारखे आवळले पाहिजेत. आणि वाळायला वेळ दिला पाहिजे. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जातं. वरून तासाभरात कोरडं वाटलं तरी दोन-तीन मिलिमीटर जाड रेघ आतपर्यंत पक्की व्हायला साधारण एक दिवस लागतो. तुमची चाकं सकाळी गेली आणि संध्याकाळी हवा भरून परत आली! तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ हीच. जॉब कार्डावर दोन्ही वेळा असतील तर ते कार्ड आजच स्कॅन करून ठेवा.

आता एक बारीक पण निर्णायक गोष्ट. तुमचं सगळं लक्ष डाव्या, फाटलेल्या टायरच्या चाकावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर उजव्याकडे पाहिलं असतं. डाव्या चाकाचं कडं कठड्यावर वाकलंय. गॅरेजचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की सांधा धडकेनंतर उघडला. मागच्या उजव्या चाकाला धडक बसलेली नाही, तरी त्याचीही हवा उतरत होती. तोच तुमचा खरा साक्षीदार आहे. ते न खोलता काढून घ्या, नेहमीच्या दाबाने हवा भरा आणि साबणाचं पाणी आधी व्हॉल्व्हवर, मग टायर रिमला टेकतो त्या कडेवर आणि शेवटी बोल्टांच्या वर्तुळावर व सांध्यावर सोडा. बुडबुडे कुठून येतात याचं अखंड व्हिडिओ चित्रण करा. व्हॉल्व्हमधून आले तर तुमची केस दुबळी आहे, आणि तेही आत्ताच कळलेलं बरं. सांध्यातून आले तर पुढचं सगळं सोपं होतं. ही चाचणी एखाद्या परवानाधारक विमा सर्व्हेअरसमोर किंवा इंदूरच्या एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मेकॅनिकल शाखेच्या प्राध्यापकांसमोर केलीत आणि त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं तर त्याचं वजन वाढेल. हवा भरलेली असताना ते बोल्ट कुणालाही सैल करू देऊ नका. त्यात जीव जाऊ शकतो.

‘थंडीत होतं असं’ या म्हणण्याचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं तर ३३ पीएसआयच्या टायरमध्ये फरक पडतो दीड पीएसआयच्या आसपास. अकरा नाही. शिवाय थंडीने उतरली असती तर चारही चाकांची सारखीच उतरली असती.

कायदा तुमच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे. निष्काळजीपणाने ग्राहकाचं नुकसान होणं तीत येतंच, पण महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. हवा उतरतेय हे कळवल्यावर ‘गाडी चालवू नका, चाकं घेऊन या’ असं सांगण्याऐवजी ‘भरत राहा’ सांगणं ही माझ्या मते मूळ चुकीपेक्षा मोठी चूक आहे. तिच्यामुळेच तुमची आई आणि मुलगी त्या घाटात पोचल्या. तक्रारीत हा मुद्दा पहिल्या पानावर घ्या.

जॉब कार्डावरची ओळ नीट वाचा. गॅरंटी नाही ती ‘जुन्या रिमची’. रिमला जुनी चीर असती तर त्या ओळीला अर्थ होता. तुमचं म्हणणं रिमबद्दल नाहीच. ते नव्या सिलिकॉनबद्दल, नव्या बोल्टांबद्दल आणि त्या दिवशीच्या मजुरीबद्दल आहे. कुणी सुचवेल की ही अट ‘अन्यायकारक करार’ म्हणून रद्द करून मागा. तो मार्ग घेऊ नका, कारण तशा तक्रारी जिल्हा आयोगाकडे चालत नाहीत, भोपाळला राज्य आयोगाकडे जावं लागतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेही ती दाखल होते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. तपासणीची गरज नसेल तर ३ महिन्यांत आणि असेल तर ५ महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही स्पष्ट केलं आहे. म्हणून तर चाकाबद्दल इतकं आग्रहाने लिहितोय. आयोग स्वतःही तज्ज्ञ तपासणी मागवू शकतो, आणि आपल्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्ससारखी वाहनचाचणीची राष्ट्रीय संस्था आहे, तेव्हा कुठे तपासणार हा प्रश्न इंदूरकरांना अडू नये. पण तपासायला चाक जसंच्या तसं हवं.

मागणी मोजकी ठेवा: २८,००० परत, टायर, वाकलेलं कडं, क्रेनचं भाडं, विम्यातून न मिळालेला दुरुस्तीचा खर्च, आणि मानसिक त्रासाची माफक रक्कम. तुमचीही एक कमकुवत बाजू आहे. हवा उतरतेय हे माहीत असताना तुम्ही तीन आठवडे गाडी चालवलीत. कमी हवेवर चाललेल्या टायरची बाजूची भिंत आतून तुटत जाते, हे समोरचा वकील सांगेलच. तुमचं उत्तर तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश आहे. तो मूळ फोनमध्ये जपा, फोन बदलू नका, आणि छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा. तरीही थोडी कपात होऊ शकते.

पोलिसात जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू असावा लागतो. तुमच्या पत्रात घाई दिसते, बेफिकिरी दिसते, तो हेतू दिसत नाही. चाकं बनवणाऱ्या जर्मन कारखान्याचाही विचार सोडा. इतक्या वर्षांनी खोलून पुन्हा जोडलेल्या चाकाची जबाबदारी त्याच्यावर टाकता येणार नाही.

विम्याबद्दल मात्र मी तुम्हाला फार आशा दाखवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे लागू केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-क(४) खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. एक इंच मोठी चाकं या वादात सापडतात. ग्राहक आयोग त्यासाठी तुम्हाला दंड करणार नाही, ते त्याचं काम नाही. पण विमा कंपनीला हा आधार मिळतो. एरवी, अटीचा भंग आणि नुकसान यांचा संबंध नसेल तर दावा पूर्ण न फेटाळता कापून, म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. तुमची अडचण ही की इथे बदललेलं चाकच अपघाताच्या मुळाशी आहे. नेहमीच्या पॉलिसीत टायरचे पैसे गाडीलाही नुकसान झालं असेल तरच मिळतात, तेही निम्मे. आणि नंतर बाहेरून बसवलेल्या चाकांची किंमत पॉलिसीत नोंदवली नसेल तर ती मिळत नाही. उरतो पत्र्याचा आणि बंपरचा खर्च. तेवढ्यासाठी आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जा. कंपनीच्या नकारापासून १ वर्षाच्या आत जायला हवं, फी नाही. पण तोच वाद ग्राहक आयोगात नेलात तर लोकपाल तो ऐकणार नाही, म्हणून आयोगातल्या तक्रारीत फक्त गॅरेजला पक्षकार करा. आणि दोन्हीकडे एकच हकीकत सांगा. आयोगात ‘सांधा गळत होता’ आणि विमा कंपनीला ‘खड्ड्यात चाक फुटलं’ असं म्हणालात तर दोन्हीकडे हराल.

आता या आठवड्यात करायचं ते. कंपनीची मूळ चाकं घरी असतीलच, ती गाडीला लावा; कलम ५२ ची काळजीही तिथे संपते. साबणाच्या पाण्याची चाचणी झाली की मागची दोन्ही चाकं गोणपाटात बांधून, वर तारीख आणि दोन सह्या घालून ठेवा. मग स्पीड पोस्टाने गॅरेजला नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण तुम्हाला तिचा एक खास उपयोग आहे: तीत पंधरा दिवसांनंतरची एक तारीख, जागा आणि तज्ज्ञाचं नाव देऊन कळवा की त्या दिवशी मागचं उजवं चाक सर्वांसमोर उघडलं जाईल, तुम्ही हजर राहा. आले तर जे दिसेल ते दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. नाही आले तर पोस्टाची पोच जोडून तज्ज्ञाकडून उघडून घ्या. जुन्या सिलिकॉनचे तुकडे राहिलेत का, रेघ कुठे तुटली, प्रत्येक बोल्ट किती टॉर्कला सुटला, हे क्रमाने टिपून घ्या आणि निघालेलं सिलिकॉन पाकिटात बंद करा. त्यानंतर देवास नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जायला हरकत नाही. त्याला चाकं निदान दोन दिवस ठेवून घ्यायला सांगा.